फिरवलेले बिल्ले

"डोळे मीट. आता बोटांनी बघ. टोक कुठं आहे?"

बाबांचा हा आवाज मी ऐकला तेव्हा आठ वर्षांची होते आणि जेवणाच्या टेबलाखाली पालथी पडले होते. टेबलावरून चारी बाजूंनी चादरी सोडलेल्या, आत मिट्ट अंधार. एका पायापासून दुसऱ्या पायापर्यंत दोर ताणलेला, आणि दोरावर हातभर अंतरानं डब्याच्या पत्र्यातून कापलेले तिकोनी बिल्ले. ज्या बाजूला टोक, त्या बाजूला गुहेचं तोंड. दिवा विझो, डोळ्यांत माती जावो, बोट टोकावर ठेवायचं आणि निघायचं. मी उलटीकडे सरकले की बाबा हळूच माझी वेणी ओढायचे. "तिकडे काळोख राहतो बाई," म्हणायचे. "आपलं घर इकडे."

अकरा वर्षांपूर्वी ते असेच दोर आणि बिल्ले घेऊन डोंगराच्या पोटात गेले आणि परत आले नाहीत.

दोघं गेले होते. बाबा आणि त्यांचा धाकटा भाऊ, माझे काका. गुहेत पाणी भरलं. काका बाहेर आले. आमच्या दारात ओलेचिंब उभे राहून ते आईला म्हणाले, "पाणी यायच्या आधी मी निघालो होतो वहिनी. तो मोजमाप करत मागं राहिला." एवढंच. त्यानंतर या विषयावर त्यांनी तोंड उघडलं नाही. पण आमचा गळका नळ त्यांनी दुरुस्त केला, आईच्या आजारपणात सात महिने दवाखान्याच्या बाकावर रात्री काढल्या, माझ्या परीक्षांना मला सायकलवरून सोडलं. उपकारांचा असा ढीग रचला की त्याच्या पलीकडचं काही दिसूच नये.

गुहेत शिरल्यावर तासाभरात एक अतिशय बुटकी वाट लागते. बाबांनी तिचं नाव ठेवलं होतं मानमोडी. त्या पुरानंतर मानमोडी पाण्यानं आणि गाळानं बुजली ती बुजलीच. शोधायला गेलेले लोक तिथून माघारी फिरले. यंदाच्या हिवाळ्यात ती पहिल्यांदा कोरडी पडली. आणि यंदाच खाणवाल्यांनी डोंगराची ती बाजू घेतली. पंधरा दिवसांनी गुहेचं तोंड मलब्याखाली जाणार होतं.

बाबा कुठं थांबले ते मला बघायचं होतं. नंतर डोंगर खुशाल पाडा.

"मी येतो," काका म्हणाले. मी विचारलंही नव्हतं. "आतली वाट माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही."

तिसरा होता सुतळी. उंच कारखान्यांची धुराडी रंगवायचं त्याचं काम. दोरावर लटकून जेवतो, दोरावर लटकूनच डुलकी काढतो, अशी ख्याती. अंगानं इतका किडकिडीत की त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागे.

"नकाशेबाई, वजन किती?" तोंडाशी पोचल्यावर त्यानं विचारलं. मी नकाशे काढणाऱ्या कचेरीत काम करते, म्हणून मी नकाशेबाई.

"माझं की पिशवीचं?"

"पिशवीचं हो! बाईमाणसाला वजन विचारलं तर धड घरी जाईन का मी?"

काका हसले नाहीत. ते दगडाचे कारागीर. चुना नाही, सिमेंट नाही. नुसता दगडावर दगड बसवून बांध घालायचे, आणि जिथं फट राहील तिथं कपची ठोकायचे, पातळ बाजू खाली, जाड बाजू वर. सगळे उलट ठोकतात. काकांचा बांध मी शंभरांत ओळखला असता.

मी गुहेच्या तोंडाशी मेणबत्ती धरली. ज्योत आत झुकली, झुकलेलीच राहिली.

"बघा काका. थंडीत ही आत ओढून घेते. घेतलेला श्वास कुठंतरी सोडत असणारच. वर दुसरं तोंड आहे. बाबांच्या वहीतही लिहिलंय."

"हवा मुरते. डोंगर आहे, त्याला हजार भोकं."

"पण बाबांनी…"

"तुझा बाप वहीत खूप काही लिहायचा," काका म्हणाले आणि वाकून आत शिरले.

सकाळचे आठ वाजले होते. माझ्या पाठीमागे उजेड वीतभर झाला, मग नाण्याएवढा, मग नाहीच.

पहिली सरपटी. कोपर टेकायचं, गुडघा ओढायचा. कोपर, गुडघा, कोपर, गुडघा, अशी सगळ्या अंगाचीच एक ओवी होऊन जाते, आणि छातीखालचा गार दगड तिला ठेका देत राहतो. मग उभ्यानं चालता येईल असं दालन. छतावरून थेंब पडतोय, खाली त्याच थेंबानं हजारो वर्षं घडवलेली दगडाची वाटी, आणि वाटीत पाणी इतकं नितळ की सुतळीनं त्यात बूट बुडवला तेव्हाच त्याला ते कळलं. मग आला आड. बारा पुरुष खोल, सरळ उभा. सुतळीनं दोर बांधला, दोनदा हिसडा दिला, आणि जिना उतरावा तसा उतरला. मी उतरताना भिंतीला पाठ घासून घेतली. काका शेवटी आले. साठीचा माणूस, पण दगडावर पाय असा ठेवायचे जणू तो दगड त्यांना विचारूनच तिथं बसला होता.

मानमोडीत आम्ही पोटावर सरकलो. भेगाळलेला गाळ, वर टेकलेलं छत. चाळीस पावलांच्या वाटेला पाऊण तास! पलीकडे निघून मी उठले आणि माझा हात एका दोराला लागला.

बाबांचा दोर.

दिवा असूनही मी डोळे मिटले. बोट फिरवलं. बिल्ला. टोक माझ्या दिशेला, म्हणजे आलो त्या तोंडाकडे. बरोबर! पुढचा बिल्ला. तोही बरोबर. प्रत्येक बिल्ल्यामागे मी तशीच बोटांनी बघत गेले, आणि दर बिल्ल्याला वाटायचं, आता कुणी वेणी ओढणार नाही.

शंभरेक पावलांवर फाटा होता. सरळ गेलेला दोर मोठ्या दालनात जात होता, जिथं बाबा मोजमाप करत होते. डावीकडेही दोर गेला होता. काकांनी मागे काढून दिलेल्या कच्च्या नकाशात डावीकडे एक रेघ होती आणि पुढे दोन शब्द: 'बंद आहे'.

मी फाट्यावरच्या बिल्ल्यावर बोट ठेवलं आणि थांबले. पुन्हा ठेवलं.

टोक डावीकडे होतं.

डाव्या दोरावरचा पहिला बिल्ला बघितला. डावीकडे. त्याच्या पुढचाही आत, डावीकडेच. तिन्ही फिरवलेले होते.

"काका!" माझा आवाज दगडांवर आपटून परत आला. "बाबांना दुसरं तोंड सापडलं होतं! बघा ना, बिल्ले फिरवलेत त्यांनी! नियमच होता त्यांचा. जे तोंड जवळ, तिकडे टोक!"

काकांनी दिवा खाली धरला होता. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता.

"गाळानं फिरले असतील," ते म्हणाले.

"तिन्ही? एकाच बाजूला?"

"गाळाला कुठं डोकं असतं."

"शू," सुतळी म्हणाला. एकदम वेगळ्या आवाजात. "दोघंही गप्प बसा."

आम्ही ऐकलं. थेंबांचा आवाज बदलला होता. मघाशी थेंबाथेंबांत श्वास घेण्याएवढी उसंत होती. आता सगळे एकावर एक बोलत होते. मी हातावर थेंब झेलला. गढूळ!

वरच्या पठारावर परवा अवकाळी पाऊस पडून गेला होता, हे आम्हाला नंतर कळलं. आमच्याकडे आकाश निरभ्र होतं. डोंगराला पाणी प्यायला दोन दिवस लागतात, आणि आम्ही फक्त आजचं आकाश बघून निघालो होतो.

"मागे फिरा!" काका ओरडले. "पळा!"

पळालो. मानमोडीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा तिथं वाट नव्हतीच. काळं, फिरणारं पाणी, आणि पाणी व छत यांच्यामध्ये तळहाताएवढी फट. काकांनी पाठीवरची पिशवी टाकली.

"निघता येईल. नाक वर ठेवून…"

"चाळीस पावलं?" सुतळी म्हणाला. "काका, नाक वर ठेवायला आधी वर असावं लागतं!"

काका पाण्यात शिरले. छाती, गळा, हनुवटी. सुतळीनं झेप घेऊन त्यांचा पट्टा धरला. दोघांनी मिळून त्यांना ओढून काढलं. ते खोकत होते, आणि खोकता खोकता म्हणत होते, "सोडा. इकडूनच. इकडूनच जायचं."

"डावीकडे जायचंय," मी म्हटलं.

"तिकडे नको!"

"का?"

"बंद आहे!"

"बिल्ले सांगतायत उघडं आहे."

"पत्र्याच्या तुकड्यांचं काय ऐकतेस!" ते इतक्या जोरात ओरडले की छतावरून माती पडली. "मी सांगतोय ना!"

पाणी माझ्या घोट्याला लागलं. मग पोटरीला. मी वळले आणि डावीकडचा दोर हातात धरला. सुतळी मागोमाग आला. थोड्या वेळानं काकांची पावलं ऐकू आली, मग ती आम्हाला ओलांडून पुढे गेली.

"मी पुढे राहतो," ते एवढंच म्हणाले.

वाट चढणीची होती. अरुंद, तिरपी, निसरडी. खाली पाणी गुरगुरत होतं. एका वळणावर काकांचा दिवा दगडाला आपटून विझला. ते थांबले नाहीत. माझ्या दिव्याचा उजेड त्यांच्या पाठीमागेच राहत होता, पुढे काळोख होता. आणि त्या काळोखात काका एकदम खाली वाकले. दोन पावलं वाकून चालले, मग सरळ झाले.

मी तिथं पोचले तेव्हा माझ्या कपाळासमोर छतातून उतरलेला एक सुळका होता. मला तो उजेडातही ऐनवेळी दिसला.

पुढे ते डावीकडे सरकले, कारण उजवीकडे खड्डा होता. पुढे त्यांनी न बघता हात वर केला, आणि हात ठेवायची खाच बरोबर तिथंच होती. अकरा वर्षं 'बंद' असलेली वाट काका घरातल्या जिन्यासारखी चढत होते.

सुतळीनं माझ्याकडे बघितलं. त्यालाही कळलं होतं. धुराड्यांवर जिंदगी काढलेला माणूस. कोण पहिल्यांदा चढतोय आणि कोण दुसऱ्यांदा, हे त्याला तळव्यांवरून कळायचं.

"आत्ता विचारू नका," तो माझ्या कानाशी म्हणाला. "आधी जिवंत राहू."

वाट एका उभ्या नळीपाशी संपली. खाली माणूस पाय पसरून बसेल एवढी जागा.

तिथं बाबा होते.

पाय पसरून, भिंतीला पाठ लावून. टोपी डोक्यावर होती, बुटांच्या नाड्या बांधलेल्या होत्या. कापडाच्या आत जे उरलं होतं ते फार थोडं होतं, पण खांदे तेच होते, दारातून शिरताना किंचित तिरपे करावे लागणारे. मी गुडघ्यांवर बसले. रडू आलं नाही. त्यांच्या बुटावरचा गाळ तेवढा अंगठ्यानं पुसला, एका बुटावरचा, मग दुसऱ्या.

"बाई," सुतळी म्हणाला. "पाणी."

नळीच्या तळाशी पाणी आलं होतं.

सुतळी भिंतींना पाठ आणि पाय रेटत वर गेला. त्याचा आवाज खाली आला, "वर फट आहे! पण कुणीतरी दगडांनी बुजवलीय! हलत नाहीत!"

मी दिवा वर रोखला. फटीत दगड रचले होते. एकावर एक, नीट बसवलेले. मधल्या फटींत कपच्या होत्या. पातळ बाजू खाली, जाड बाजू वर.

मी काकांकडे वळून बघितलं. त्यांनी माझी नजर चुकवली नाही. चुकवली असती तर बरं झालं असतं.

"सुतळीला खाली घे," ते म्हणाले. "तो जन्मभर ढकलत राहिला तरी निघायचं नाही. मला जाऊ दे."

सुतळी उतरला, काका चढले. धापा टाकत, खरचटत, दोनदा घसरत. पाणी बाबांच्या बुटांवर चढलं. माझ्या मांड्यांना लागलं. वर काकांनी एक दगड चाचपला, सोडला. दुसरा चाचपला, सोडला. तिसऱ्याच्या खालची कपची उपटली.

"भिंतीला चिकटा!" ते ओरडले.

धडाड! दगड सुटले. एक माझ्या खांद्याला घासून गेला. पाणी उसळलं, धूळ उडाली, आणि धुळीतून उजेड खाली आला! दुपारचा, पांढरा, निर्लज्ज उजेड.

"सुतळी, आधी तू! वरून दोर टाक!"

सुतळी सुईतून दोरा जावा तसा गेला. मग मी. पाणी कमरेला होतं. जाताना मी एकदाच खाली हात नेला. बाबांचा खांदा पाण्याखाली सापडला. मी तो धरला आणि मग सोडला. त्यांना वर न्यायला ना जागा होती ना वेळ. मला हवी होती ती गोष्ट माझ्या हातात होती, आणि तीच मला पाण्यात सोडून द्यावी लागली.

फटीत माझे खांदे अडकले. "श्वास सोडा!" सुतळी ओरडला. "सगळा सोडा!" मी सोडला. त्यानं ओढलं. बरगड्या कुरकुरल्या आणि मी उन्हात पडले. काका मागोमाग आले. ते मुळातच बारीक अंगाचे. फटीतून सहज निघाले.

आम्ही तिघं गवतावर पडून राहिलो. खाली नळीत पाणी चढायचं तेवढं चढलं आणि थांबलं. वारा होता. लांब खाणीतली यंत्रं चालू होती. सुतळीनं भाकरीच्या तुकड्यासाठी खिसा चाचपला, ओला लगदा बाहेर काढला, त्याच्याकडे बघितलं आणि काहीच विनोद केला नाही. दोर गुंडाळत तो पलीकडच्या खडकाआड गेला.

"बिल्ले तुम्ही फिरवलेत," मी म्हटलं.

काकांनी मान हलवली.

"त्याला हाका मारल्या," ते म्हणाले. "दालन लांब होतं. पाणी चढत होतं. मी डावीकडे शिरलो, तोंड सापडलं, उजेड बघितला. परत खाली जाऊन बिल्ले फिरवले. वाटलं, तो येईल मागोमाग. मग… थांबायला हवं होतं. तुझ्या बापाचा दुसरा नियम होता. जोडीदाराआधी बाहेर पडायचं नाही. मी पडलो. वर बसून तासभर हाका मारल्या. आला नाही. वाटलं, जुन्या तोंडानं गेला असेल. डोंगर ओलांडून तिकडे गेलो, तर तिथं चाळीस माणसं जमलेली, आत पाणी भरलंय, आणि सगळे मला विचारतायत, तू कसा सुटलास?"

"आणि तुम्ही म्हणालात, पाण्याआधी निघालो."

"एकदा म्हणालो. मग तेच खरं ठेवावं लागलं."

"तुमच्या बिल्ल्यांच्या मागे ते इथवर आले. आणि मावले नाहीत."

"तू मावलीस. तो नव्हता मावत. मला सुचलंच नाही. मी माझ्या अंगानं मोजलं."

मी फटीपाशी सरकले. नकाशेबाईची खोड, हात आपोआप कडेवरून फिरला. दगड दोन्ही बाजूंनी फोडून रुंद केलेला होता. वीतभर नक्की. तेवढ्या विताभरातूनच मी बाहेर आले होते. एका बाजूचे छिन्नीचे घाव सरळ, सारख्या अंतराचे. दुसऱ्या बाजूचे वेडेवाकडे, उथळ, वेगळ्याच माणसाचे.

"हे कधी फोडलंत?"

काका बुटातला गाळ झटकू लागले.

"काका, मेलेल्या माणसासाठी कुणी दगड फोडत नाही. कधी?"

"तिसऱ्या दिवशी," ते म्हणाले.

वारा पडला होता की मलाच काही ऐकू येत नव्हतं, कळेना.

"आणि तुमच्याबरोबर कोण होतं? हे घाव दोघांचे आहेत."

"कोणी नव्हतं."

"खोटं बोलू नका आता!"

"कोणी नव्हतं, पोरी." त्यांनी दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत बोलू लागले, जणू त्या हातांनाच सांगत होते. "तिसऱ्या दिवशी मी गुपचूप इथं आलो. खाली वाकून हाक मारली. तो बोलला. जिवंत होता. चाळीस माणसं डोंगराच्या पलीकडे पहारी घेऊन बसली होती. तासाभराची वाट. मी गेलो नाही. गेलो असतो तर सांगावं लागलं असतं, मी कुठून निघालो, कधी निघालो. मी घरी जाऊन छिन्नी आणली. वाटलं, एकटाच काढीन त्याला. मग सगळं मिटेल. तो खालून म्हणाला, 'धाकट्या, वर किती जण आहेत रे?' मी म्हणालो, सगळे आलेत. गाव आलंय. मग त्याला खरं वाटावं म्हणून इकडे दहा घाव उजव्या हातानं घालायचो, तिकडे दहा डाव्यानं. मध्येच आवाज घोगरा करून म्हणायचो, पहार द्या रे इकडे. दिवसभर. रात्रभर. तो ऐकत होता. पहाटे त्याचा आवाज थांबला, आणि मी हे तोंड दगडांनी बुजवलं."

"बाबा काय म्हणाले?"



"म्हणाला, 'त्यांना सांग, सावकाश करा. घाई नाही. कुणाचा हात चेचेल.'"